लुकासची शिकवणी

आमच्या जर्मनच्या पुस्तकातला शाळेचा धडा वर्ध्याच्या माणसाला पटण्यासारखा नाही. धड्यात लुकास नावाचं एक पोरगं आहे. त्याचं गणित कच्चं. परीक्षेत त्याला पाच मिळतात. आई काळजीत पडते, शाळेत जाऊन बाईंना भेटते आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा शोधून काढते. तो आठवड्यातून दोनदा सायकलवर येतो, तासभर अपूर्णांक समजावतो आणि निघून जातो. काही महिन्यांनी लुकासला तीन मिळतात. आई खूश, बाई खूश, लुकासही खूश. शिकवणी बंद. धडा संपला, खाली गाळलेल्या जागा भरा.

मॅडमनी धडा वाचून संपवला तेव्हा वर्गात कुणी बोलेना. निम्म्या वर्गाचा समज असा झाला की पाचाचे तीन झाले, म्हणजे शिकवणीनं पोरगं आणखीच बिघडलं आणि आईनं वेळीच पैसे वाचवले. मग मॅडमनी खुलासा केला की जर्मनीत एक हा सगळ्यात चांगला गुण आणि सहा सगळ्यात वाईट. हे ऐकल्यावर उरलेला निम्मा वर्गही बिथरला. पहिल्या बाकावर एक नर्स बसते. ती म्हणाली, "पण मॅडम, तीनच तं आले. एक कुठी आला? मंग ट्युशन काऊन बंद केली?"

मॅडम पुण्याच्या. शांतपणे म्हणाल्या, "त्याला आता गरज नाही ना."

"गरजेचा काय संबंध?" हा आवाज मागच्या बाकावरून आला आणि साऱ्या वर्गानं माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या संध्याकाळी पुढचं व्याकरण झालं नाही. लुकासच्या आईचं कुठं चुकलं यावरच तास संपला.

आता वर्ध्यासारख्या गावात संध्याकाळी सातला दुकानावरच्या खोलीत बसून लोक लुकासची चौकशी का करतात, ते सांगायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. तिकडे माणसं कमी पडतात, इकडे कामं कमी पडतात, तेव्हा नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर असे दहा हजार कुशल लोक पाठवायचं ठरलं. तेव्हापासून जिल्ह्यात 'जर्मनी' हा शब्द 'पुणे' या शब्दाच्या जागी येऊ लागला. "पोट्टा काय करून राहिला?" "जर्मनीचं पाहून राहिला." आमच्या बॅचमध्ये देवळीचा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे, हिंगणघाटचा एक ड्रायव्हर आहे आणि नर्स तर पाच-सहा आहेत. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं असल्यावर नर्सची वाण कशी पडेल? नर्सला तिकडे पूर्ण मान्यता हवी असेल तर बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं. म्हणजे सलाईन लावता येणं पुरत नाही, लावताना पेशंटशी हवापाण्याच्या गप्पाही मारता आल्या पाहिजेत. ड्रायव्हरचं म्हणणं असं की ज्याला बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे नाव एका दमात म्हणता येईल त्याला तिथंच विमानात बसवावं, बाकी परीक्षा घेऊ नये.

मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. मला कुणी कामाला नेणार नाही. पण त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, आणि तिथं माझी मुलगी, जावई आणि तिसरीतला नातू राहतात. आमच्या मुलीची गोष्ट लुकासच्या आईच्या नेमकी उलट आहे. तिचा पोरगा दुपारी एकच्या सुमाराला शाळेतून घरी येतो, जेवतो आणि खेळायला जातो. वर्ध्यात वाढलेल्या बाईला हे बघवेल कसं? दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत पोरगं मोकळं! तिनं शाळेत जाऊन बाईंना विचारलं, याला शिकवणी लावू का? बाईंनी काळजीनं विचारलं, का, घरी काही अडचण आहे का त्याची? मुलगी म्हणाली, नाही. मग कशात मागे पडतोय असं वाटतंय का? नाही, सगळ्यात पुढे आहे. मग शिकवणी कशाला? आता याला मुलीकडे जर्मनमध्ये उत्तर नव्हतं. मराठीत होतं, ते तिनं मला फोनवर ऐकवलं. "बाबा, यांना समजतच नाही. पुढे आहे म्हणूनच तर!"

तिकडे बहुतेक राज्यांत चौथीच्या शेवटी पोरांची वाटणी होते. कोण गिम्नाझिउममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाणार, कोण रेआलशूलेत, म्हणजे मधल्या शाळेत, यावर शाळा शिफारस करते. चौथीचं नाव काढलं की आमच्या मुलीला लहानपणीची स्कॉलरशिप परीक्षा आठवते आणि हातपाय गार पडतात. तेव्हा ठरलं असं की आजोबांनी जर्मन शिकायचं आणि व्हिडिओ कॉलवर नातवाचा गृहपाठ घ्यायचा. म्हणजे श्टुटगार्टच्या पोराची शिकवणी वर्ध्यातून, आणि ती घेता यावी म्हणून आजोबांची शिकवणी पुण्याच्या मॅडमकडे. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

कारण आपल्याकडे शिकवणी ही शाळेची सावत्र बहीण राहिलेली नाही, थोरली बहीण झाली आहे. सून सासरी नांदते तशी पोरं शाळेत नावापुरती नांदतात, जीव मात्र क्लासमध्ये. बजाज चौकातून आर्वी नाक्याकडे निघालं की विजेच्या खांबाखांबावर जून महिन्यात यशवंतांचे फोटो लागतात. एकाच पोरीचा फोटो तीन क्लासांच्या फलकांवर, आणि तिन्हीवर वेगळा ड्रेस. म्हणजे तिन्ही ठिकाणी खास फोटोला जाऊन आली. अकरावी-बारावीची पोरं सकाळच्या गाडीनं नागपूर गाठतात, संध्याकाळी परततात आणि मधल्या वेळेत ज्या कॉलेजात नाव आहे त्याच्या फाटकावरून गाडी जाते तेव्हा खिडकीतून बघून घेतात. तीच हजेरी. ज्यांना नागपूर झेपतं ते पुढे लातूर करतात, लातूर झेपलं तर कोटा.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा आला २००९ मध्ये, त्यात शाळेतल्या शिक्षकानं खासगी शिकवणी घेऊ नये असं साफ लिहिलं आहे. सर घेतही नाहीत. सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर सरांचे मेहुणे घेतात. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढली की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासनं प्रवेश देऊ नये. तेव्हापासून आमच्या गल्लीतली सातवीतली पोरं दप्तराच्या ओझ्यानं एवढी वाकून चालतात की सोळाच काय, साठीची वाटतात.

जर्मन शिकताना मराठी माणसाला एक मोठा आधार आहे, तो म्हणजे तिन्ही लिंगं. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना घर तो की ती की ते, हा प्रश्न पडतो. आपल्याला तो जन्मतःच सुटलेला. ती शाळा तिकडेही ती, ते घर तिकडेही ते, ते मूल, ते पुस्तक, ते पाणी, सगळं जुळतं. मॅडमनी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा देवळीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "म्हंजे अर्धी जर्मन आपल्याले येतेच." मग 'वही' आली आणि ती तिकडे 'ते' निघाली. पाठोपाठ 'मुलगी' आली आणि तीही 'ते' निघाली. नर्स मंडळींनी तो तास बहिष्कारातच काढला. इलेक्ट्रिशियनला मात्र त्यात नवल वाटलं नाही. त्याची आजी साऱ्यांनाच 'पोट्टं' म्हणते.

शब्दांची लांबी हा मात्र खरा प्रश्न. गृहपाठ करून घेण्याच्या सोयीला जर्मनमध्ये हाउसआउफगाबेनबेट्रॉयुंग म्हणतात. हा एकच शब्द आहे. तो पुरा म्हणून होईपर्यंत एखादं हुशार पोरगं गृहपाठ आटपून टाकेल. शिकवणीला नाखहिल्फे, शिकवणारा तो नाखहिल्फेलेरर. पहिला फुकटचा तास प्रोबेश्टुंडे, तो आपला डेमो. वर्गात मागे पडणाऱ्यांसाठी शाळेतच जादा तास, तो फ्योर्डरउंटररिष्ट. गुण असेच राहिले तर पोरगं वर जाणार नाही अशी सूचना शाळा घरी टपालानं पाठवते, तिला 'निळं पत्र' म्हणतात, कारण पूर्वी ते निळ्या पाकिटातून यायचं. आयुष्य पोस्टात काढलेल्या मला हा शब्द पहिल्या वाचनात पाठ झाला. दर उन्हाळ्यात गावात असलं एक पाकीट वाटावं लागलं असतं तर वर्धा पोस्टाला आणखी दोन पोस्टमन नेमावे लागले असते. आपल्याकडे ढकलपास होता म्हणून ते काम वाचलं. आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही, असा नियम बरीच वर्षं चालला. २०२३ च्या डिसेंबरात राज्यानं पाचवीला आणि आठवीला परीक्षेचं दार पुन्हा बसवलं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत 'पाचवी विशेष बॅच' अशी पाटी लागली.

कॉपी करायच्या चिठ्ठीलाही जर्मनमध्ये स्वतंत्र शब्द आहे, श्पिकत्सेटेल. मॅडमनी विचारलं, याला मराठीत काय म्हणाल? ड्रायव्हर म्हणाला, "शब्द नाही मॅडम, आमच्याकडं त्याचं अभियान आहे. कॉपीमुक्त."

पण साऱ्या बॅचला ज्या शब्दानं वेड लावलं तो म्हणजे हित्सेफ्राय. उकाड्याची सुट्टी. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नियम असा की सकाळी अकरा वाजता सावलीत पारा २५ अंशांवर गेला तर मुख्याध्यापक पोरांना घरी सोडू शकतात. मॅडमनी हे साध्या आवाजात सांगितलं, कारण त्या पुण्याच्या. इकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. २५ अंशांना आम्ही जानेवारीत पोरांना स्वेटर घालून उन्हात बसवतो. उन्हापायी विदर्भातल्या शाळा राज्याच्या मागून उघडतात, जून सरत आला की, आणि तेव्हाही पोरं पंख्याखाली जागा धरून बसतात. वर्ध्यात हा जर्मन नियम लावला तर शाळा डिसेंबरात उघडेल आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आत बंद होईल. वर्ग या विचारानं हरखून गेला होता. एवढ्यात पहिल्या बाकावरच्या नर्सनं खरा प्रश्न विचारला. "हित्सेफ्राय झाली तं नाखहिल्फेले बी सुट्टी राहते का?" मॅडम म्हणाल्या, पुस्तकात दिलेलं नाही. नर्स म्हणाली, "मंग नसन राहत."

खरं तर जर्मनी आणि शाळा या विषयात वर्ध्यानं कुणाकडून शिकवणी घ्यावी असं नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. गांधीजींनी मांडणी केली की सात वर्षांचं शिक्षण सक्तीचं, मोफत आणि मातृभाषेतून असावं, ते हातांच्या कामातून द्यावं आणि त्या कामातून शाळेचा खर्चही निघावा. सभेला झाकीर हुसेन आले होते. बर्लिन विद्यापीठाचे अर्थशास्त्रातले डॉक्टर, १९२६ चे. म्युनिकच्या केर्शेनस्टायनर यांचा कामातून शिक्षणाचा विचार त्यांनी चांगला पचवलेला. ते उभे राहिले आणि त्यांनी शंका काढल्या. कामातून शिकवणं ही शिक्षणातल्या लोकांना अगदीच नवी गोष्ट नाही, आणि खर्च काढण्यावर फार भर दिला तर जपून राहावं लागेल, असा त्यांचा सूर होता. यावर गांधीजींनी काय करावं? आराखडा तयार करायची जी समिती नेमली तिचं अध्यक्षपद झाकीर हुसेन यांच्याच गळ्यात घातलं. सभेत शंका काढणाऱ्याला समितीवर घ्यायची ही युक्ती आपल्या सोसायट्यांनी आणि गणेश मंडळांनी पुढे जशीच्या तशी उचलली. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते. अहवाल त्याच डिसेंबरात तयार. अशी झपाट्यानं काम करणारी समिती जिल्ह्यात पुन्हा बसली असेल तर आमच्या कानावर नाही.

बर्लिनच्या डॉक्टरांनी वर्ध्यात बसून जो अभ्यासक्रम लिहिला त्यात टकळी होती, शेती होती. टकळीची शिकवणी कुणी लावत नाही. सूत निघालं की निघालं, तुटलं की तुटलं, त्याला अपेक्षित प्रश्नसंच नसतो. सेवाग्रामला आजही आनंद निकेतन ही शाळा त्या धर्तीवर चालते. पोरं शेतात राबतात, स्वयंपाकघरात हात लावतात आणि मराठीत शिकतात. बाहेरगावचे पाहुणे आवर्जून बघायला येतात. वर्ध्याचे पालकही अधूनमधून पाहुण्यांना दाखवायला जातात, फार चांगली शाळा आहे असं म्हणतात आणि संध्याकाळी पोराला क्लासला सोडतात. बाकी गावात शिक्षणातली टकळी उरली ती तोंडाची.

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांना झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले हे ठाऊक होतं, वर्ध्यात येऊन शंका काढून गेले हे नव्हतं. आवडलं त्यांना. "काका, हे जर्मनमध्ये सांगा बरं," म्हणाल्या. मी बर्लिनपर्यंत आलो आणि भूतकाळात अडकलो.

मग पुढच्या आठवड्यात मॅडमनी एक आकडेवारी आणली आणि साऱ्या वर्गाला धीर आला. बेर्टल्समान फाउंडेशननं २०१६ मध्ये मोजलं तेव्हा जर्मनीत सुमारे १२ लाख मुलं शिकवणी घेत होती आणि पालक त्यावर वर्षाला जवळपास ९० कोटी युरो खर्च करत होते. तिकडच्या दोन मोठ्या शिकवणी कंपन्या तर १९७४ पासून आहेत, दोन्ही ऱ्हूरच्या कोळसापट्ट्यातल्या. आपल्याकडे चंद्रपूर-वणीकडे कोळसा निघतो तिकडेही क्लास जोरात चालतात, तेव्हा कोळशाचं आणि क्लासचं काही नातं असावं. पण गंमत पुढे आहे. गणिताची शिकवणी लावलेल्या पोरांत जवळजवळ तिसरा हिस्सा ठीक ते उत्तम गुण मिळवणाऱ्यांचा निघाला. म्हणजे ज्यांना गरज नाही अशांचा. वर्गात टाळ्या पडल्या. "आता येऊन राहिले लायनीवर," ड्रायव्हर म्हणाला. मी ती आकडेवारी त्याच रात्री श्टुटगार्टला पाठवली. मुलीनं नुसता अंगठा पाठवला नाही, फोन केला. तिला आजवर तिथल्या पालकसभेत एकटं पडल्यासारखं वाटत होतं. आता तिच्या बाजूनं लाखो पोरं उभी राहिली.

तोंडी परीक्षेची तयारी म्हणून मॅडमनी संवाद करायला लावले. एकानं क्लासचा माणूस व्हायचं, एकानं पालक. विषय, मुलासाठी शिकवणीची चौकशी करा. पुस्तकातला नमुना असा की पालक विचारतो, एकट्याची शिकवणी की गटात, तास कधी, तासाला किती युरो. समोरचा सांगतो. पालक धन्यवाद म्हणून फोन ठेवतो. आमच्याकडे नर्स पालक झाली आणि इलेक्ट्रिशियन क्लासवाला. तासाला वीस युरो म्हणताच तिनं विचारलं, दोन भावंडं आहेत, किती कमी होतील? इलेक्ट्रिशियननं अठरा सांगितलं. ती म्हणाली, आमच्या शेजारणीच्या पोराला तुम्ही पंधरात घेतलं. मग पहिल्या महिन्याची फी माफ, टेस्ट सिरीज फुकट, नापास झाला तर पैसे परत, असं करत दोघं साडेबारा युरोवर आले. सारं जर्मनमध्ये. विभक्ती चुकल्या, लिंगं चुकली, पण एक शब्द अडला नाही. मॅडमनी वही खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तिकडे असं भाव करत नाहीत."

"मंग चौकशी कायले करतात?" नर्सनं विचारलं.

पण तिकडच्या शाळेची एक रीत मला पहिल्यापासून आवडते. पहिलीतल्या पहिल्या दिवशी शाळेत नेण्यासाठी तिकडे पोरांना पुठ्ठ्याचा एक भला मोठा शंकू देतात, शूलट्यूटे, खाऊनं भरलेला. मुलीनं नातवाच्या शंकूत घालायला इथून गोरसपाक, म्हणजे आमचं वर्ध्याचं बिस्किट, मागवला होता. श्टुटगार्टला पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला, पोरानं चमच्यानं खाल्ला. त्या शाळेत त्या दिवशी फक्त त्याच्याच शंकूत चमचा होता. तेव्हाच मला जर्मन शिक्षणाबद्दल आदर वाटला होता. पहिल्याच दिवशी खाऊ देतात, प्रवेशफीची पावती नाही.

तर वर्ध्यात ज्यांना जर्मन शिकायचं असेल त्यांच्यासाठी नवी बॅच दिवाळीनंतर सुरू होते, संध्याकाळी सातला. मॅडम चांगल्या शिकवतात. तरीही कुणाला मागे पडायची भीती वाटत असेल तर आमच्या बॅचच्या देवळीच्या इलेक्ट्रिशियननं मॅडमच्या क्लासची शिकवणी सुरू केली आहे, सकाळी सहाला, आर्वी नाक्याजवळ. पहिला तास प्रोबेश्टुंडे म्हणून फुकट. आमच्यातले हुशार होते ते सगळे लागले आहेत.